‘वाळीत टाकणे’ : एका शब्दाचा अर्थ आणि इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. ज्ञातीचा पूर्वेतिहास, कुलदैवते, गोत्रे व आडनावे या विषयांवर आमच्याहून अधिकारी बांधवांनी मागील अंकांतून लिहिलेले आहे. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. जन्मभर मुलांना शब्दार्थ सांगितले, वाक्प्रचारांचे वाक्यांत उपयोग करून घेतले. तेव्हा आपल्याला जे साधते तेच करावे, म्हणून एकच शब्द घेऊन वाचकांपुढे येत आहोत. शब्द सुखाचा नाही. परंतु तो आपल्या घरातला आहे, आणि घरातली गोष्ट घरातच बोलली गेली तर बरी.

सेवानिवृत्त होण्यापूर्वी पाचसहा वर्षे, सातवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवीत असता ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार आला. ‘समाजातून बहिष्कृत करणे’ असा अर्थ आम्ही फळ्यावर लिहिला आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, मग वाळीतून परत यायचं कसं?” वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ निभावून नेली. पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि ते नव्हते याचे कारण आमच्या लहानपणात दडलेले होते. त्याविषयी शेवटी सांगू. आधी शब्दाचा विचार करू.

मराठीत ‘वाळणे’ ही दोन क्रियापदे आहेत. एक आपल्या रोजच्या वापरातले : पापड वाळले, कपडे वाळले. दुसरे जुन्या काव्यात आढळणारे : वाळणे म्हणजे टाकणे, सोडणे, त्यागणे, अव्हेरणे. हे दुसरे क्रियापद बोलण्यातून जवळजवळ गेले. परंतु त्यापासून झालेले ‘वाळी’ हे नाम या एका वाक्प्रचारात तेवढे जिवंत राहिले. वाळी म्हणजे त्याग, ज्ञातीतून काढून टाकणे. या वाळीस सप्तमीचा ‘त’ प्रत्यय लागून ‘वाळीत’ झाले. मुले मात्र नेहमी पहिलाच अर्थ घेतात. वाळीत टाकणे म्हणजे वाळत टाकणे, असे त्यांना वाटते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूक खरी. पण झाडापासून तोडलेली फांदी वाळते हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या चुकीतही काही तथ्य दिसल्यावाचून राहत नाही. शिवाय क्रियापद पाहा. आपण केर टाकतो, उष्टे टाकतो, नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला ‘टाकलेली’ म्हणतो. माणसाला ‘टाकणे’ हे क्रियापद लावले की तो माणूस राहत नाही, वस्तू होतो.

या अर्थाचे इतरही शब्द आपल्याकडे आहेत. ‘बहिष्कृत’ हा संस्कृत शब्द, म्हणजे ‘बाहेर केलेला’. ‘पंक्तिबाह्य’ अथवा ‘अपांक्त’ म्हणजे ज्याला जेवणाच्या पंगतीस बसविता येत नाही तो. उत्तरेकडे ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात. ज्ञातीज्ञातींतील किंवा ज्ञातीअंतर्गत अशा तंट्यांना आपल्याकडे ‘ग्रामण्य’ हे नाव होते, आणि केशव सीताराम ठाकरे यांनी त्यावर ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’ हा ग्रंथ १९१९ साली लिहिला. या सर्व शब्दांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणी पंगतीवरून बोलतो, कोणी पाण्यावरून, कोणी हुक्क्यावरून; शिक्षा मात्र एकच. मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही. फक्त पाणी, विस्तव, लग्नातले आमंत्रण आणि मयताला खांदा, एवढ्या चार गोष्टी बंद. खेड्यात या चार गोष्टींवाचून माणूस किती दिवस राहील, हे खेड्यात राहिलेल्यांस सांगावयास नको.

आता याच कुळातील आणखी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. तो म्हणजे ‘घटस्फोट’. आज आपण तो पतिपत्नी विभक्त होण्यास लावतो, ज्यास खेड्यात ‘काडीमोड’ म्हणत. परंतु धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला ज्ञातीबाहेर घालण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. महापातक करून जो प्रायश्चित्त घेत नाही, त्याच्या नातलगांनी एखाद्या निंद्य दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर, आप्त, ऋत्विज आणि गुरू यांच्या समक्ष त्याला जणू तो मेला आहे असे समजून उदक द्यावे. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा. मग नातलगांनी एक अहोरात्र सुतक पाळावे. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, त्याच्यासह बसणे, त्याला वारसा देणे आणि सर्व लोकव्यवहार बंद. माणूस जिवंत असताना त्याची उत्तरक्रिया करण्याचा हा प्रकार वाचताना अंगावर काटा उभा राहतो.

परंतु त्याच ठिकाणी, लगेच पुढे, दुसराही विधी सांगितलेला आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक असतो. त्या माणसाने प्रायश्चित्त केले, तर त्याच नातलगांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात सोडावा. मग त्याने आपल्या घरी जावे व पूर्ववत सर्व ज्ञातिकर्मे करावीत. पतित स्त्रियांविषयीही असे सांगितले आहे की त्यांना अन्न, वस्त्र आणि पाणी द्यावे व घराजवळ राहू द्यावे. मनुस्मृतीत विषमतेचे जे नियम आहेत त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. आजच्या काळात ते कोणी करू नये. आमचे म्हणणे इतकेच की ज्या ग्रंथाला आपण कठोर म्हणतो, त्यानेही घट फोडण्यास सांगताना नवा घट आणण्याची व्यवस्था केली होती. पुढच्या लोकांनी पहिला विधी पाठ केला आणि दुसरा बव्हंशी विसरले, किंवा त्याची किंमत इतकी चढवून ठेवली की गरिबाला ती देता येऊ नये.

परत घेण्याची उदाहरणे आपल्या इतिहासात नाहीत असे मात्र नाही. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परत आलेल्या विठ्ठलपंतांच्या चार मुलांना आळंदीकरांनी बहिष्कृत ठरविले आणि ती भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालत गेली, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. कोवळी मुले, अपराध त्यांचा नाही, आणि कागद मात्र त्यांनी आणावयाचा! ज्यांच्या ओव्या आज आपण देव्हाऱ्यात ठेवतो, त्यांस एकेकाळी गावाने दारात उभे केले नव्हते, याचे स्मरण असावे. त्याउलट नेताजी पालकरांचे उदाहरण घ्या. १६६७ साली मोगलांच्या कैदेत त्यांस धर्मांतर करावे लागले आणि महंमद कुलीखान या नावाने ते सुमारे नऊ वर्षे मोगलांच्या चाकरीत राहिले. १६७६ साली ते परत आले, तेव्हा शिवछत्रपतींनी त्यांस स्वधर्मात परत घेतले. दार उघडणे हे दुबळेपणाचे लक्षण असते, तर त्या पुरुषाने ते उघडले नसते.

एकोणिसाव्या शतकात या शस्त्राचा वापर थोरामोठ्यांवरही झाला. १८८८ साली एक अठरा वर्षांचा मोढ वाणी तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या ज्ञातीची सभा भरली. समुद्रपर्यटन धर्माला धरून नाही, असे शेठने बजावले. तरुणाने ऐकले नाही. त्याला ज्ञातीबाहेर काढल्याचे जाहीर झाले आणि जो कोणी त्यास मदत करील वा गोदीवर पोहोचविण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. १८९१ साली परत आल्यावर वडील बंधूंनी त्यांस नाशिकला नेऊन गंगास्नान घडविले व राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरीही ज्ञातीच्या एका तटाने त्यांस घेतले आणि दुसऱ्याने घेतले नाही. सासूसासरे आणि मेहुणी गुपचूप पाणी देण्यास तयार असत. पण जे उघडपणे करता येत नाही ते चोरून करावयाचे नाही, म्हणून गांधी त्यांच्या घरी पाणीदेखील पीत नसत.

पुण्यातील पंचहौद मिशनचे चहाप्रकरण आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी शहरातील नामवंत मंडळींस मिशनमध्ये व्याख्यानास नेले, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि मागाहून हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली. रानडे आणि टिळक हे दोघेही त्यांत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या विद्वत्तेपुढे सरकार नमत असे, त्यांसही एक पेला चहा इतका जड गेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच कर्व्यांस १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ‘भारतरत्न’ मिळाले. तेव्हा ज्यांनी वाळीत टाकले होते त्यांची नावे आज कोणास आठवतात काय?

येथपर्यंत आम्ही जे सांगितले ते घराच्या आतून बाहेर काढलेल्यांविषयी. परंतु सत्य सांगावयाचे तर या देशात कोट्यवधी माणसे अशी होती की त्यांस कोणी बाहेर काढले नाही, कारण त्यांस आत कधी घेतलेच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले, तेव्हा त्यांनी तो शब्द विचारपूर्वक निवडला होता. वाळीत टाकलेल्याला निदान प्रायश्चित्ताचा दरवाजा दाखविला जाई. जन्मानेच बहिष्कृत असलेल्याला कोणते प्रायश्चित्त? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेणाऱ्यांस मार खावा लागला आणि हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांवर गावोगाव बहिष्काराचे शस्त्र चालविले गेले. म्हणूनच गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जे संरक्षण मागितले, त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा ही मागणी होती. आपल्या ज्ञातीवर अन्याय झाला की आपण तो सांगतो. आपल्या ज्ञातीने ज्यांच्यावर केला त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

‘बहिष्कार’ या शब्दाला एक उजळ बाजूही आहे, तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने खंडासाठी कुळांना जमिनीवरून हुसकण्यास सुरुवात केली. कुळांनी व गावकऱ्यांनी त्याचे काम करणे, त्याला माल विकणे, त्याच्याशी बोलणे सोडून दिले. त्याचे पीक काढण्यासाठी फौजेच्या पहाऱ्यात बाहेरून सुमारे पन्नास माणसे आणावी लागली. त्याचे आडनावच इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. १९०५ साली वंगभंगानंतर आपल्याकडे स्वदेशीबरोबर जो ‘बहिष्कार’ पुकारला गेला तो याच जातीचा. दोन्ही ठिकाणी कृती एक, पण दिशा उलट. दुबळ्या अनेकांनी बलिष्ठ एकाविरुद्ध केला तो सत्याग्रह. बलिष्ठ अनेकांनी दुबळ्या एकाविरुद्ध केला तो अत्याचार. शब्द एकच आहे म्हणून दोहोंस एकच मान देता येत नाही.

आता कायद्याची हकिकत थोडक्यात सांगतो. १८२७ च्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांनी ज्ञातीच्या प्रश्नांत सामान्यतः पडू नये असे ठरविले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ज्ञातीबाहेर घातलेल्याचा वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली. म्हणजे घटस्फोटाचा एक दात पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कार घालणेच बेकायदेशीर ठरविले आणि तसे करणाऱ्यास हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्या कायद्यास आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतींच्या मनमानीविरुद्ध अभियान चालविले. अखेर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक संमत केले आणि तो कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. आता कोणास वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

येथे आम्हांस आमच्या लहानपणाकडे वळले पाहिजे. १९६९ साल असेल; आम्ही नऊ वर्षांचे होतो. आमच्या गावी आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थाचा भावकीशी शेताच्या बांधावरून तंटा झाला. पंचांनी निवाडा केला. तो त्यास पटला नाही, म्हणून तो दिवाणी कोर्टात गेला. ज्ञातीचा तंटा कोर्टात नेला, हा त्याचा अपराध. देवळाच्या ओसरीवर बैठक बसली, दंड ठरला. त्याने तो भरला नाही. त्या रात्री आमच्या आईने आम्हांस जवळ बसवून सांगितले, “उद्यापासून त्यांच्या दारात जायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही.” त्या घरातील मुलगा आमच्याच बाकावर बसत असे. दुसऱ्या दिवशी आम्ही दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर बसलो. त्याने काही विचारले नाही. बहुधा त्याच्याही आईने त्यास सांगितले असावे.

तीन वर्षांनी तो गृहस्थ वारला. पावसाळ्याचे दिवस होते. दोन मुलगे आणि दोन जावई एवढ्यांनीच तिरडी उचलली. आमचे गुरुजी परगावचे व परज्ञातीचे होते, ते तेवढे छत्री मिटून मागे चालत गेले. आम्ही दाराच्या फटीतून ते पाहिले. आमचे वडील आत बसून होते, आणि ज्या बैठकीत दंड ठरला तीत ते होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. गावात कोणाचे अडले तर रात्रीबेरात्री उठून जात. पण त्या दिवशी ते उठले नाहीत, आणि आयुष्यात पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी कायद्याचा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले की तो गृहस्थ कोर्टात बांधासाठी जाऊ शकत होता, पण या शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी त्या काळी त्याजपाशी कायदाच उरला नव्हता.

त्या घराने पुढे गाव सोडले. यंदा आम्ही हा लेख लिहावयास घेण्यापूर्वी आपल्या मंडळाची कुटुंबसूची चाळून पाहिली. त्यात त्या घराण्याचे नाव नाही. कोणी मुद्दाम गाळले असे नव्हे. बैठक बसविणारे सारे पंच निवर्तले, देवळाची ओसरीही पाडून नवी बांधली. परंतु १९६९ चा तो ठराव कोणी रद्द केला नाही, म्हणून तो अजून चालू आहे! गेल्या माघ महिन्यात आम्ही पत्ता काढून त्या बालमित्राच्या घरी गेलो आणि पाणी मागितले. त्याने कारण विचारले नाही. तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला, आणि आम्ही पाणी पिऊन होईपर्यंत तो उभा राहिला. मग एवढेच म्हणाला, “बस की, उभा का?”

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांस देता येईल असे वाटते. वाळीतून परत येणे हे वाळीत टाकलेल्याच्या हाती नसते. ज्यांनी टाकले त्यांनी, अथवा त्यांच्या मुलाबाळांनी, चालत जावयाचे असते. कायदा टाकणाऱ्याचा हात धरू शकतो. पण नवा घट घेऊन कोणाच्या दारी जाणे हे काम कायद्याचे नव्हे, ते ज्ञातीचे आहे.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे की येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडावा. पूर्वी कोणत्याही गावी, कोणत्याही कारणाने, आपल्या ज्ञातीने ज्यांस वाळीत टाकले असेल, ते सर्व निर्णय हे मंडळ रद्द समजते. त्यांच्या वंशजांकडून दंड, प्रायश्चित्त वा अर्ज मागितला जाणार नाही. आणि प्रत्येक गावच्या सभासदांनी अशी घरे शोधून, स्वतः जाऊन, त्यांची नावे कुटुंबसूचीसाठी विचारून आणावीत. नावे द्यावयाची की नाहीत हे त्यांच्या मर्जीवर. ज्या वडीलधाऱ्यांच्या घरी अशा आठवणी असतील त्यांनी त्या लाजेने झाकून न ठेवता चिटणीसांकडे कळवाव्यात. आमच्या वडिलांचे नाव त्या यादीत टाकणाऱ्यांच्या बाजूस आम्ही स्वतः लिहून दिले आहे.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास सुज्ञ बंधुभगिनींनी क्षमा करावी. वार्षिक सभेच्या भोजनास यंदा एक पाट अधिक मांडण्याची व्यवस्था चिटणीसांनी करावी. आमचा मित्र येईलच असे नाही; पण पाट मांडलेला असावा.